संगणकाच्या स्मृतिव्यवस्थेंतील शर्यतीचा दोष

आमच्या वाचक विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां संगणक आला आहे. आणि ज्यांच्या घरीं तो नाहीं, त्यांच्याही वडील माणसांच्या खिशांत निदान मोबाइल तरी असतोच, व तोही एक लहान संगणकच होय. या यंत्रांत एकाच वेळीं अनेक कामें चाललेलीं असतात. गाणें वाजत असतें, निरोप येत असतो, छायाचित्र उतरत असतें. हीं सर्व कामें स्मृतीच्या एकाच भांडारांतून आपापला वांटा घेतात. कोणास किती वांटा द्यावा, तो केव्हां परत घ्यावा, आणि एकाच्या वांट्यास दुसऱ्याचा हात लागूं नये म्हणून काय तजवीज करावी, हें पाहणारा जो कारभारी त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. या कारभाऱ्याच्या अगदीं आंतल्या भागास कर्नेल असें नांव आहे.

प्रस्तुत लेखांत या कारभाऱ्याच्या हातून घडणाऱ्या एका विशिष्ट चुकीचा विचार करण्याचा आमचा हेतु आहे. ही चूक दिसावयास क्षुल्लक असते. ती वर्षानुवर्षें कोणाच्या लक्ष्यांत येत नाहीं. आणि लक्ष्यांत येते तेव्हां तिजोरीची किल्ली इतके दिवस उंबऱ्यावरच पडली होती असें आढळून येतें. विषय कठीण आहे खरा. परंतु ज्यास वही लिहितां येते व बेरीज-वजाबाकी करतां येते, त्यास तो समजण्यास हरकत नाहीं अशी आमची खात्री आहे.

कोठीची वही

समजा, एका वसतिगृहाच्या कोठींत ५० किलो तांदूळ आहे, आणि कोठीच्या वहींत शिल्लक ५० अशी नोंद आहे. सकाळीं बाजारांतून २० किलो तांदूळ आला. तो जमा करण्याचें काम एका मॉनिटराकडे होतें. त्याच वेळीं स्वयंपाकासाठीं ५ किलो तांदूळ काढावयाचा होता; तें काम दुसऱ्याकडे होतें. पहिल्यानें वही उघडून ५० हा आंकडा पाहिला, व तो मनांत धरून पाटीवर बेरीज करूं लागला. इतक्यांत दुसऱ्यानेंही वही उघडली, त्यानेंही ५० हाच आंकडा पाहिला, व तो आपली वजाबाकी करूं लागला. पहिल्यानें येऊन वहींत ७० लिहिले. क्षणभरानें दुसऱ्यानें येऊन ते खोडून ४५ लिहिले. दोघेही प्रामाणिक, दोघांचेंही गणित बिनचूक. तथापि कोठींत ६५ किलो तांदूळ असतां वही म्हणते ४५. वीस किलो तांदूळ कोणीं चोरला नाहीं, तरी तो हिशेबांतून नाहींसा झाला.

येथें चूक कोणाची? बारकाईनें पाहिलें तर प्रत्येकाच्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत : आंकडा वाचणें, हिशेब करणें, आणि नवा आंकडा लिहिणें. दोघांच्या मिळून सहा पायऱ्या झाल्या. प्रत्येकाचा आपला क्रम न मोडतां या सहा पायऱ्या एकमेकींत किती प्रकारांनीं मिसळतां येतील, हें बीजगणित शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं काढून पाहावें. उत्तर २० येतें. त्या २० प्रकारांपैकीं केवळ २ प्रकारांत वहींत ६५ हा खरा आंकडा राहतो : पहिल्याच्या तिन्ही पायऱ्या संपल्यावर दुसऱ्यानें आरंभ केला तर, किंवा याच्या उलट झालें तर. उरलेल्या १८ प्रकारांत शेवटीं ज्याचा हात वहीस लागला, त्याचाच आंकडा टिकतो, व तो खोटा असतो.

जेथें उत्तराचा खरेखोटेपणा कोण आधीं पोंचतो यावर अवलंबून राहतो, तेथें इंग्रजींत रेस कंडिशन आहे असें म्हणतात. रेस म्हणजे शर्यत. म्हणून आपण त्यास शर्यतीचा दोष म्हणूं. संगणकांतही एखाद्या संख्येंत एक मिळविणें हें साधें काम बहुधा याच तीन पायऱ्यांनीं होतें : स्मृतींतून आंकडा उचलणें, त्यांत एक मिळविणें, तो पुन्हां स्मृतींत ठेवणें. हल्लींच्या यंत्रांत चार, आठ किंवा त्याहूनही अधिक प्रोसेसर एकाच स्मृतीवर एकाच वेळीं काम करीत असतात. म्हणजे एका वहीभोंवतीं आठ मॉनिटर एकदम उभे आहेत असें समजावें.

मग अशा चुका रोज कां दिसत नाहींत? कारण या तीन पायऱ्यांस लागणारा वेळ इतका अल्प असतो कीं, दुसऱ्याचें पाऊल नेमकें त्याच फटींत पडणें हें दुर्मिळ असतें. परीक्षेच्या वेळीं हजार वेळां कार्यक्रम चालवून पाहिला तरी तो बिनचूक चालतो. परंतु जें काम सेकंदांत लक्षावधि वेळां होतें, तेथें लाखांत एकदां घडणारी गोष्ट सेकंदास अनेकदां घडूं शकते. आणि जो मनुष्य वाईट हेतूनें ती फट शोधीत बसला आहे, तो यदृच्छेची वाट पाहत नाहीं. तो स्वतःच एकाच वेळीं दोन्ही बाजूंनीं धावावयास लावतो.

स्मृतीचीं पानें

आतां स्मृतीकडे वळूं. ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीचे सारखे तुकडे पाडते. त्या तुकड्यास पान म्हणतात. बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. ज्या यंत्राची स्मृति ८ गिगाबाइट आहे, त्यांत अशीं २०,९७,१५२ पानें होतात. चालूं असलेल्या प्रत्येक कामास, म्हणजे प्रोसेसला, आपली एक स्वतंत्र अनुक्रमणिका मिळते. तुझ्या पत्त्यावरील अमुक पान वास्तविक स्मृतीच्या अमुक पानावर आहे, तें वाचण्याची तुला मोकळीक आहे, लिहिण्याची आहे किंवा नाहीं, असा मजकूर या अनुक्रमणिकेंत असतो. कामास वाटतें कीं सर्व स्मृति आपलीच. प्रत्यक्षांत तें अनुक्रमणिकेच्या भिंतींआड राहत असतें.

पुष्कळदां एकच मजकूर अनेकांस वाचावयाचा असतो. अशा वेळीं प्रत्येकास निराळी नक्कल देणें हा उधळेपणा होय. वर्गांत एकच नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, व सर्व मुलें त्याकडेच पाहतात. मात्र कोणास त्यावर रेघ ओढावयाची असेल, तर गुरुजी म्हणतात, “या नकाशास हात लावूं नकोस, आधीं आपल्या कागदावर नक्कल करून घे, आणि तींत हवें तें रंगव.” कर्नेलचीही हीच रीत आहे. वाचणाऱ्या सर्वांस तो एकच पान दाखवितो. आणि ज्या क्षणीं कोणी त्यावर लिहूं पाहतो, त्या क्षणीं त्याची निराळी नक्कल करून त्याच्या अनुक्रमणिकेंत ती बसवितो. या रीतीस कॉपी ऑन राइट म्हणतात. ही रीत फार किफायतशीर आहे. परंतु तिचें सर्व इमान एकाच गोष्टीवर उभें आहे : लेखणी नकलेवरच पडली पाहिजे, मूळ पानावर कदापि पडतां कामा नये.

मळकी गाय

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं, हेलसिंकी विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, लिहावयास आरंभ केला. आज जगांतील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात, व अँड्रॉइड मोबाइलांच्या पोटांतही तिचाच कर्नेल आहे. या कर्नेलच्या स्मृतिव्यवस्थेंत २०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत एक शर्यतीचा दोष उघडकीस आला. फिल ओस्टर यांस तो एका प्रत्यक्ष हल्ल्याच्या नोंदींतून सांपडला. कॉपी ऑन राइट या शब्दांच्या आद्याक्षरांचा इंग्रजींत गाय असा शब्द होतो, आणि ज्या पानावर लेखन झालें आहे त्या पानास संगणकशास्त्रांत मळकें पान म्हणतात. म्हणून या दोषास डर्टी काउ, अर्थात् मळकी गाय, असें नांव पडलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून तो चालत आला होता. नऊ वर्षें तो सर्वांच्या डोळ्यांदेखत होता, व या अवधींत त्या कर्नेलची मूळ लिपि कोणासही वाचावयास खुली होती, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे.

तो दोष असा होता. एका फाइलीवर मालकी यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याची आहे; साधारण मनुष्यास ती वाचण्याची परवानगी आहे, लिहिण्याची नाहीं. तो मनुष्य त्या फाइलीचें पान आपल्या खासगी पाहणीसाठीं स्मृतींत मागून घेतो. हें रास्त आहे. नंतर तो कर्नेलच्या एका आडवाटेनें त्या पत्त्यावर लिहावयास सांगतो. हेंही एका मर्यादेंत रास्तच आहे, कारण लेखन नकलेवर होणार असतें, मुळावर नाहीं. कर्नेल काय करतो तें पायरीपायरीनें पाहूं.

पहिली पायरी : कर्नेल अनुक्रमणिका पाहतो. लिहावयाचें आहे, म्हणून तो मूळ पानाची खासगी नक्कल करून बसवितो. दुसरी पायरी : तो पुन्हां अनुक्रमणिका पाहतो. नक्कल तयार आहे, पण तिच्यावर ‘वाचनापुरती’ असा शिक्का आहे. कर्नेल मनाशीं म्हणतो, “नक्कल तर मीच आतां केली आहे, आतां लेखनाची मागणी निराळी लक्ष्यांत ठेवण्याचें कारण नाहीं.” असें म्हणून तो आपल्या टिपणांतील ‘लिहावयाचें आहे’ ही खूण पुसून टाकतो. तिसरी पायरी : तो आणखी एकदां अनुक्रमणिका पाहतो, जें पान सांपडेल तें उचलतो, आणि त्यावर लिहितो.

दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या मध्यें जी निमिषभराची फट आहे, तींत सर्व अनर्थ आहे. त्या मनुष्याचा दुसरा धागा, ज्यास थ्रेड म्हणतात तो, त्याच वेळीं कर्नेलला एकसारखें सांगत असतो, “माझी ती नक्कल मला नको; टाकून दे.” ही विनंतीही स्वतंत्रपणें पाहिली तर निर्दोष आहे. नक्कल टाकली गेली. आतां तिसऱ्या पायरीवर आलेल्या कर्नेलला अनुक्रमणिकेंत रिकामी जागा दिसते. लेखनाची खूण तर त्यानें पुसली आहे; म्हणून त्यास वाटतें, कोणास हें पान केवळ वाचावयाचें आहे. वाचणाऱ्यास मूळ पान देण्यास कसलीच अडचण नाहीं. तो मूळ पान आणून बसवितो, तेंच उचलतो, आणि त्यावर लिहितो! ज्या फाइलीस हात लावण्याचा त्या मनुष्यास अधिकार नव्हता, तिचा मजकूर खुद्द कारभाऱ्याच्या हातानें बदलला गेला. मुख्य अधिकाऱ्याच्या नांवानें चालणारा एखादा कार्यक्रम, किंवा वापरणाऱ्यांच्या नांवांची यादी, अशा रीतीनें बदलतां आली म्हणजे सर्व यंत्र त्याच्या ताब्यांत गेलें असें समजावें.

आमचे कांहीं वाचक विचारतील, तेथें कुलूप नव्हतें काय? कुलूप होतें. परंतु त्या वेळीं दोन्ही धाग्यांनीं जें कुलूप घेतलें होतें, तें वाचकांचें कुलूप होतें. वाचनालयाच्या खोलींत वाचणारे अनेक जण एकदम बसूं शकतात, तसें तें अनेकांस एकदम आंत घेतें. केवळ नकाशाची मांडणी बदलणारास तें बाहेर ठेवतें. यावरून असा बोध घ्यावा कीं, कुलूप आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें कोणास अडवितें आणि कोणास अडवीत नाहीं, हें निश्चित ठाऊक असलें पाहिजे.

दुरुस्तीची कहाणी

या दोषाची दुरुस्ती टोरवाल्ड्स यांनीं स्वतः केली. तिच्यासोबतच्या टिपणांत त्यांनीं एक गोष्ट मोकळेपणानें लिहून ठेवली आहे. हा दोष त्यांनीं अकरा वर्षांपूर्वीं, म्हणजे २००५ सालीं, दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, तो प्रयत्न वाईट होता, आणि दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर अडचण उत्पन्न झाल्यामुळें तो मागें घ्यावा लागला, असें त्यांनीं सांगितलें. पूर्वीं ही शर्यत केवळ तर्कांतली वाटत होती; परंतु स्मृतिव्यवस्था अधिकाधिक कामें एकदम करूं लागल्यानें ती प्रत्यक्षांत घडविणें सोपें झालें, असाही त्यांचा अभिप्राय होता. जो दोष केवळ तर्कांत आहे म्हणून आपण सोडून देतों, तो यंत्र वेगवान होतांच तर्कांतून बाहेर येतो, हें त्यांतलें सार होय.

२०१६ ची दुरुस्ती अशी होती : लेखनाची खूण पुसावयाची नाहीं. तिच्या जोडीस ‘नक्कल झाली आहे’ अशी दुसरी खूण करावयाची, आणि शेवटीं पान उचलतांना तें पान मळकें आहे किंवा नाहीं हें पाहूनच लिहावयाचें. नक्कल असेल तर ती मळकी असणारच, असा त्यांत तर्क होता.

हा तर्क पुरता टिकला नाहीं. २०१७ सालीं असें आढळलें कीं, मोठीं पानें वापरणाऱ्या भागांत, जेथें अनेक लहान पानांचें मिळून एकच पान केलेलें असतें, तेथें नक्कल न होतांही पान मळकें ठरूं शकतें. म्हणून तीच शर्यत तेथें पुन्हां करतां येत होती. तें छिद्र बुजविलें. पुढें २०२२ सालीं सामायिक स्मृतीच्या पानांसंबंधानें तोच प्रकार तिसऱ्यानें उघडकीस आला. तेव्हां मात्र मळकेपणाच्या खुणेवर भिस्त ठेवणेंच सोडून देण्यांत आलें. आणि हें पान खरोखर या प्रोसेसचें एकटीचें खासगी पान आहे काय, असा सरळ प्रश्न पानासच विचारावयाचा असें ठरलें. धूर दिसला म्हणून अग्नि आहे असें अनुमान करणें न्यायशास्त्रांत शोभतें. परंतु जेथें धुक्यासही धूर समजण्याचा संभव आहे, तेथें चुलींत डोकावून पाहणें हेंच शहाणपणाचें.

दोष टाळण्याचे नियम

एवढ्या उदाहरणावरून व तत्सम अनुभवांवरून जे नियम निघतात, ते आम्ही क्रमानें देतों.

पहिला नियम : प्रत्येक सामायिक वस्तूचें कुलूप ठरलेलें असावें, आणि तें लिहून ठेवलेलें असावें. कोठीची वही ज्याच्या हातांत किल्ली आहे त्यानेंच उघडावी. एकेरी लोहमार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळीं एकच गाडी असावी म्हणून ड्रायव्हरास टोकन देण्याची पद्धति आपल्या देशांत पुष्कळ मार्गांवर होती. तो धातूचा गोळा हातांत आल्यावांचून गाडी पुढें जात नसे. संगणकांतील कुलूप हें असेंच टोकन होय. अशा कुलपांचा शास्त्रीय विचार डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं मांडला. आणि त्यांनीं योजिलेल्या साधनास सेमाफोर असें रेल्वेच्या सिग्नलाचेंच नांव आहे.

दुसरा नियम : पाहणें आणि करणें हीं एकाच कुलपाखालीं व्हावीं. पाहून झाल्यावर कुलूप सोडलें, तर पाहिलेलें शिळें झालें असें समजावें. आणि पुन्हां कुलूप घेतल्यावर पुन्हां पहिल्यापासून पाहावें. डर्टी काउचें सारें मूळ यांतच आहे. कर्नेलनें एकदां पाहिलें, मध्यें हात सोडला, आणि जुन्या माहितीच्या भरंवशावर पुढचें पाऊल टाकलें.

तिसरा नियम : दोन कुलपें घ्यावयाचीं असल्यास तीं सर्वांनीं एकाच क्रमानें घ्यावीं. एकाच्या हातांत कोठीची किल्ली व त्यास हवी कपाटाची, दुसऱ्याच्या हातांत कपाटाची व त्यास हवी कोठीची, असें झालें तर दोघेही जन्मभर एकमेकांची वाट पाहत उभे राहतील. यास डेडलॉक म्हणतात. शर्यत टाळावयास कुलपें वाढवावीं, तर ही दुसरी आपत्ति येते. यासाठीं लिनक्सच्या स्मृतिव्यवस्थेंतील एका मुख्य फाइलीच्या आरंभीं कोणतें कुलूप कोणाच्या आधीं घ्यावयाचें, याची उतरंड लिहूनच ठेवली आहे.

चौथा नियम : पान परत घेतांना घाई करूं नये. प्रोसेसर हा अनुक्रमणिकेंतील नोंदी स्वतःजवळच्या एका लहान टिपणवहींत उतरून ठेवतो; तीस टी.एल.बी. म्हणतात. अनुक्रमणिकेंतून नोंद खोडली तरी दुसऱ्या प्रोसेसराच्या टिपणवहींत ती शिल्लक असूं शकते. तेवढ्यांत तें पान तिसऱ्या कोणास दिलें, तर जुन्या मालकाची लेखणी नव्या मालकाच्या मजकुरावर चालेल. म्हणून क्रम असा असावा : आधीं नोंद खोडावी, मग सर्व टिपणवह्यांतून ती काढवावी, आणि सर्वांत शेवटीं पान मोकळें करावें. या क्रमांत किंचित् ढिलाई झाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण २०१८ सालीं यान हॉर्न यांनीं दाखवून दिलें. स्मृतीचा तुकडा एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवितांना लिनक्स टिपणवह्या साफ होण्याच्या आधींच अनुक्रमणिकेचें कुलूप सोडीत होतें. तो क्रम नंतर सुधारण्यांत आला.

पांचवा नियम : जें काम लहान आहे तें अखंड करावें. प्रोसेसरांत कांहीं आज्ञा अशा असतात कीं, त्यांतील वाचणें, मिळविणें व लिहिणें यांच्या मध्यें दुसऱ्या कोणासही शिरतां येत नाहीं. एखादें पान किती जण वापरीत आहेत याची मोजदाद अशाच अखंड आज्ञेनें करतात. मोजणी शून्यावर आल्यावांचून पान सोडावयाचें नाहीं, आणि शून्यावर गेलेली मोजणी पुन्हां वाढवावयाची नाहीं. तसेंच, वाचणारे अनेक व बदलणारा एखादाच असेल, तर बदलणारानें नवी प्रत तयार करून ती एका झटक्यांत जुनीच्या जागीं ठेवावी, आणि जुनी वाचीत असलेले सर्व जण बाहेर पडेपर्यंत ती नष्ट करूं नये. लिनक्समध्यें २००२ सालापासून ही रीत आर.सी.यू. या नांवानें रूढ आहे.

सहावा नियम : कुलूप जेवढें पाहिजे तेवढेंच मोठें असावें. लिनक्समध्यें १९९६ सालीं अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हां सर्व कर्नेलवर एकच मोठें कुलूप होतें. त्यांत सुरक्षितता होती, पण एक आंत असतां बाकीचे दाराशीं तिष्ठत असत. तें कुलूप हळूहळू फोडून २०११ सालीं पूर्णपणें काढून टाकण्यांत आलें. प्रोसेसच्या स्मृतीच्या नकाशावरील कुलपाचेंही ओझें कमी करण्यासाठीं २०२३ सालीं नकाशाच्या प्रत्येक भागास निराळें लहान कुलूप देण्यांत आलें. मोठ्या कुलपाचीं लहान कुलपें करणें हें वेगासाठीं अवश्य आहे. परंतु प्रत्येक वांटणीच्या वेळीं पूर्वीं आपोआप मिळत असलेलें कोणतें संरक्षण आतां नाहींसें झालें, याची झडती घेतली पाहिजे.

सातवा नियम : केवळ चालवून पाहण्यावर विसंबूं नये. शर्यतीचा दोष परीक्षकासमोर बहुधा येत नाहीं. म्हणून यंत्रालाच पहारेकरी करावें. लिनक्समध्यें २००६ साली लॉकडेप नांवाची योजना आली. ती कुलपें घेण्याचा क्रम टिपून ठेवते, आणि प्रत्यक्ष कोंडी होण्याच्या आधींच क्रम चुकला असें ओरडून सांगते. २०२० सालीं आलेली के.सी.सॅन ही योजना, दोन धागे एकाच जागेस कुलपावांचून हात लावीत आहेत काय, हें पाहते. तथापि पहारेकरी असला म्हणून घरधन्यानें कडी लावूं नये असें थोडेंच आहे?

उपसंहार

येथवर वाचून कोणी विचारील, हें सर्व आम्हांस काय कामाचें? आमच्यापैकीं किती जण कर्नेल लिहिणार आहेत? कदाचित् एखादाच लिहील, कदाचित् कोणीही लिहिणार नाहीं. परंतु ज्या बँकेंत आपल्या आईबापांचे पैसे आहेत, ज्या रुग्णालयांत आपल्या आजीची नाडी यंत्र मोजतें, तेथें हे कर्नेल अहोरात्र चालत आहेत. १९८५ ते १९८७ या अवधींत अमेरिका व कॅनडा येथें थेरॅक-२५ नांवाच्या, कर्करोगावर किरणांचा उपचार करणाऱ्या यंत्राकडून सहा रोग्यांस प्रमाणाबाहेर किरण दिले गेले, व त्यांपैकीं कांहीं दगावले. त्या यंत्राच्या कार्यक्रमांत जे दोष निघाले, त्यांत शर्यतीचा दोष हा एक होता. यंत्र चालविणारा अनुभवानें भराभर टंकलेखन करूं लागला, तेव्हांच तो प्रकट होई. सावकाश चालविणाऱ्याच्या हातीं यंत्र बिनतक्रार चाले. अर्थात् निमिषभराच्या फटीची किंमत मनुष्याच्या प्राणांनीं मोजावी लागते.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण उपासनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. उन्हाळ्यांत त्याचें घर शेजाऱ्याच्या घराइतकेंच मजबूत दिसत होतें. पाऊस आला तेव्हां काय तें कळलें. शर्यतीचा दोष असलेला कार्यक्रमही एका प्रोसेसराच्या उन्हाळ्यांत उभा राहतो, व अनेक प्रोसेसरांच्या पावसांत कोसळतो. पाया पाहावयाचा तो ऊन आहे तोंवरच पाहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनावर ठसली आहे. ज्या पुरुषाची कीर्ति सर्व जगभर आहे, त्यानें आपल्या जुन्या चुकीची कबुली आपल्याच हातानें, सर्वांस वाचतां येईल अशा ठिकाणीं लिहून ठेवली. अशा कबुलीमुळें पुढच्यांस दोषाचा मार्ग मागून पुढें नीट दिसूं शकतो. आपल्या शाळेच्या वहींत खाडाखोड झाली म्हणजे आपण पान फाडून टाकावयास पाहतों. तसें न करतां, चूक कोठें झाली हें समासांत लिहून ठेवण्याची संवय आपण लावून घेतली, तर आपल्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यास तें पान सोन्याच्या मोलाचें होईल.

शेवटीं वाचकांस एक प्रश्न देऊन आम्ही लेखणी ठेवतों. कोठीच्या वहीच्या उदाहरणांत तिसरा मॉनिटर आला, व तोही वाचणें, हिशेब करणें आणि लिहिणें याच तीन पायऱ्यांनीं १० किलो तांदूळ काढूं लागला, तर एकंदर नऊ पायऱ्या किती प्रकारांनीं मिसळतील, आणि त्यांपैकीं किती प्रकारांत ५५ हें खरें उत्तर येईल? ज्यास हें गणित सुटेल, त्यास कुलपाची किंमत निराळी सांगावी लागणार नाहीं.